ट्वायलाइट आवडतं हे सांगायला लाजू नका

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की ट्वायलाइट मला अजूनही आवडतं, आणि त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगते. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ही चार पुस्तकांची मालिका, २००५ ते २००८ या काळात आलेली. १७ वर्षांची बेला आईचं घर सोडून वडिलांकडे फोर्क्स नावाच्या सतत पाऊस पडणाऱ्या छोट्या गावात राहायला येते, तिथे शाळेत एडवर्ड भेटतो, तो व्हॅम्पायर निघतो, म्हणजे जन्म १९०१ चा पण १९१८ च्या स्पॅनिश फ्लूत मरायला टेकला असताना व्हॅम्पायर झाला म्हणून कायम १७ चाच राहिलेला. मग जेकब येतो, तो लांडगा होणारा, आणि तिघांचं सगळं सुरू होतं. २००८ ते २०१२ मध्ये यावर पाच सिनेमे झाले.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे, चारही पुस्तकं दोनदा वाचलीत. क्लासमधली मुलं म्हणतात काय फालतू वाचतेस, घरी दादा पण एडवर्डची नक्कल करून हसतो. आता कुणी विचारलं काय वाचतेस तर मी दुसरंच काहीतरी नाव सांगते. खरंच एवढं वाईट आहे का ते? (एक वाचक, सातारा)

उत्तर: अगं, दुसरं नाव सांगू नकोस. मी हे पुस्तक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मैत्रिणीकडून एका रात्रीसाठी आणलं होतं आणि तिला ते तीन आठवड्यांनी परत मिळालं, कारण संपल्यावर मी परत पहिल्या पानावर गेले होते. तेव्हा मला पण कळत नव्हतं की नेमकं काय आवडतंय, नुसतं सोडवत नव्हतं.

आता विचार केला तर मला एक जागा आठवते, तुलाही आठवेल. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाच्या मनातलं येत नाही, त्यामुळे तिला काय वाटतं हे कळायचं असेल तर त्याला विचारावंच लागतं. आणि तो विचारतो, एक अख्खा दिवस नुसते प्रश्न विचारतो, आवडता रंग कुठला, कुठलं गाणं ऐकतेस, आधीच्या गावाची कसली आठवण येते, आणि ती रंग ‘तपकिरी’ सांगते तर तपकिरी का, ते पण विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसून ऐकतो. सोळा वर्षांच्या मुलीला असं कोण विचारतं सांग बरं? घरात विचारतात जेवलीस का, अभ्यास झाला का, कुठे चाललीस, किती वाजता येणार. प्रेमानेच विचारतात, पण ‘तपकिरी का गं?’ असं कोणी विचारत नाही. मला तरी वाटतं जगभर लाखो मुली त्या पुस्तकात शिरल्या त्या या दारातून, दात आणि रक्त हे सगळं नंतरचं.

लिखाणात दोष आहेत, ते आहेतच. एडवर्ड किती देखणा हे दर दोन पानांनी येतं, पहिली दोनशे पानं काही घडतच नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि बेलाला स्वतःच्या अशा मैत्रिणी, छंद, पुढे काय करायचंय याचा विचार, यातलं फार कमी दिलंय. हे सगळं मान्य करूनही पुस्तक आवडू शकतं. आणि लेखिकेबद्दल एक सांगते, २ जून २००३ ला तिला स्वप्न पडलं, जंगलातल्या मोकळ्या जागेत एक साधी मुलगी आणि उन्हात चमकणारा एक व्हॅम्पायर बोलत बसलेत, आणि तेव्हा ती घरी तीन लहान मुलं सांभाळत होती, आधी काही छापून आलेलं नव्हतं, तरी ते स्वप्न विसरू नये म्हणून लिहायला बसली आणि साधारण तीन महिन्यांत पुस्तक पूर्ण केलं. ते स्वप्न म्हणजे आत्ताचं तेरावं प्रकरण. मुलं झोपल्यावर रात्री जागून लिहिलेलं पुस्तक आहे ते, फालतू म्हणणाऱ्याला हे जरूर सांग.

आणि दादाचं म्हणशील तर, मुलगा रात्रभर जागून मॅच बघतो तेव्हा घरात त्याला कोणी हसत नाही, उलट चहा करून मिळतो. मुलीला एखादी गोष्ट जीव लावून आवडली की मात्र ती लगेच पोरकट ठरते. मला याचा खरंच राग येतो.

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे, तिने ही पुस्तकं एका महिन्यात संपवली आणि आता भिंतीवर त्याचं पोस्टर लावलंय. मी नेटवर वाचलं की तो मुलगा तिच्यावर पाळत ठेवतो वगैरे. मला भीती वाटते की हिला हेच प्रेम वाटेल. पुस्तकं काढून घेऊ का? (एक आई, नाशिक)

उत्तर: काढून घेऊ नका हो. काढून घेतलीत तर ती मैत्रिणीच्या फोनवर वाचेल आणि मग तुमच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, आणि बोलणंच तर हवंय आपल्याला.

पण तुमची भीती अगदी खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. पहिल्या पुस्तकात एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येऊन ती झोपलेली बघत बसतो, तिला न सांगता, बरेच दिवस, आणि तिला कळतं तेव्हा ती घाबरत नाही, तिला ते छान वाटतं. तिसऱ्या पुस्तकात तर तिला जेकबला भेटायला जायचं असतं आणि जाऊ नये म्हणून हा तिच्या गाडीच्या इंजिनाचा भागच काढून ठेवतो, वर स्वतः बाहेर असताना बहिणीला तिच्यावर लक्ष ठेवायला बसवतो, आणि त्या बहिणीला त्याबद्दल पिवळी पोर्श गाडी मिळते. कारण काय, तर काळजी. अहो, आपल्याकडे मुलींना घरात बसवताना हाच शब्द वापरतात ना, काळजी! म्हणून ही जागा मला इतर कशाहीपेक्षा जास्त टोचते.

पण पुढे काय होतं तेही बघा, त्याच पुस्तकात एडवर्डला आपलं चुकलं हे कळतं आणि नंतर तो स्वतः तिला लांडग्यांच्या हद्दीपर्यंत सोडायला जातो. म्हणजे लेखिकेला ती गोष्ट खटकलेली आहे, फक्त तिने ती फार पटकन मिटवली. आणि जेकब, ज्याला सगळे साधा गोड मुलगा म्हणतात, तो तिच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते तर तिचाच हात मोडतो, आणि तिचे वडील, पोलिसात आहेत ते, जेकबचं कौतुक करतात! मला हे वाचताना तेव्हाही कसंतरी झालं होतं आणि परवा परत वाचलं तरी झालं. लोक सगळं खापर एडवर्डवर फोडतात, ह्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

त्याहून मला काळजी दुसऱ्या पुस्तकाची वाटते. एडवर्ड तिला सोडून जातो आणि मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी नुसती महिन्यांची नावं असलेली चार कोरी पानं येतात. लेखिकेने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती, दुःखात दिवस कसे जातात हे त्या चार पानांत कळतं. पण नंतर बेला मुद्दाम जीव धोक्यात घालायला लागते, मोटरसायकल काय, कड्यावरून समुद्रात उडी काय, कारण धोक्यात असली की तिला त्याचा आवाज ऐकू येतो. चौदा वर्षांच्या मुलीशी बोलायचं तर मी इथून सुरुवात करेन.

कसं बोलायचं? आधी तुम्ही स्वतः वाचा, निदान पहिलं आणि तिसरं. मग लेक्चर नको, भाजी निवडताना सहज विचारा, त्याने गाडी बंद पाडली तेव्हा बेलाच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? आणि मग गप्प राहा, दहा मिनिटं लागली तरी. माझा अनुभव असा की मुलींना हे दिसत असतं, त्या वेड्या नसतात, एकाच वेळी त्यांना एडवर्ड आवडतो आणि इंजिनाचा राग पण येतो. पोस्टर राहू दे भिंतीवर. चौथ्या पुस्तकाबद्दल मात्र थोडं जास्त बोला, तिथे लग्न आहे, अंगावर उठलेले काळेनिळे वळ आहेत, जीव घेणारं बाळंतपण आहे आणि हे सगळं अठरा-एकोणिसाव्या वर्षी. बेलाची आई स्वतः लहान वयात लग्न करून पस्तावलेली असते आणि मुलीला हेच सांगत आलेली असते, तो धागा तुम्हाला आई म्हणून धरता येईल.

प्रश्न: व्हॅम्पायर उन्हात जळून खाक होतो, चमकत नाही! या बाईने व्हॅम्पायरची वाट लावली असं मला वाटतं. तुम्ही काय म्हणाल? (कॉलेजवाला, कोल्हापूर)

उत्तर: मित्रा, उन्हात जळणं हे पण कोणीतरी नंतर घातलेलंच आहे. ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला ही कादंबरी १८९७ ची, त्यात काउंट ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर चक्क फिरतो, फक्त त्याची ताकद कमी झालेली असते. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो हे आलं १९२२ च्या नोस्फेराटू या जर्मन मूकपटातून, आणि मग पुढच्यांनी ते इतकं वापरलं की आपल्याला वाटतं शास्त्रातच लिहिलंय. त्याच्याही आधी १८१९ मध्ये जॉन पॉलिडोरी या लेखकाने आपल्या कथेत व्हॅम्पायरला सरदार घराण्यातला देखणा, बायकांना भुरळ घालणारा माणूस केला होता, म्हणजे देखणा व्हॅम्पायर मायरबाईंच्या जवळजवळ दोनशे वर्ष आधीचा आहे. दर पिढी आपल्याला हवा तसा व्हॅम्पायर घडवते. तुला चमकणं नाही आवडलं तर ठीक आहे, सिनेमात ते मलाही आवडलं नाही, अंगाला टिकल्या चिकटवल्यासारखं दिसतं. पुस्तकात वाचताना मात्र ते सुंदर वाटतं, कारण तिथे बेला बघत असते.

प्रश्न: आधी सिनेमा बघू की पुस्तक वाचू? मैत्रिणींमध्ये यावर जोरात भांडण चालू आहे. (चार मैत्रिणी, पुणे)

उत्तर: पहिल्या भागापुरतं म्हणाल तर सिनेमा आधी बघा, आणि हे मी मनापासून सांगतेय. पहिला सिनेमा नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत आला, दिग्दर्शक कॅथरीन हार्डविक, बजेट साधारण ३ कोटी ७० लाख डॉलर, जे हॉलीवुडच्या हिशोबाने काही फार नाही, आणि कमाई झाली ३९ कोटींच्या वर. त्याच्या आधी दुसऱ्या एका स्टुडिओकडे हक्क होते तेव्हा जी पटकथा झाली होती त्यात बेलाला चक्क धावपटू केलं होतं, म्हणजे पुस्तकातली सपाट रस्त्यावर पण अडखळणारी मुलगी गायबच. हार्डविक बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि पुस्तकाकडे परत गेल्या, आणि त्यांनी जे केलं ते नंतर कोणालाच जमलं नाही असं माझं मत आहे.

तो निळसर हिरवा रंग आठवा, ओली झाडं, धुकं, बेलाची ती खडखडणारी जुनी लाल गाडी, हातात कॅमेरा घेऊन मागे मागे चालल्यासारखे शॉट. सिनेमा बघताना अंगाला दमट वाटतं! बेसबॉलचा सीन घ्या, ढग गडगडत असतानाच हे कुटुंब खेळतं कारण त्यांच्या बॅटचा आवाज पण तसाच होतो, आणि मागे म्यूझ या बँडचं गाणं, काय मजा आहे त्यात. कार्टर बरवेलने केलेली बेलाची पियानोची धून मी आजही काम करताना लावते. आणि क्रिस्टन स्ट्युअर्टला सगळे नावं ठेवतात की चेहऱ्यावर भाव नाहीत, सारखी केसातून हात फिरवते, वाक्य अर्धवट सोडते, पण नव्या शाळेत आलेली अवघडलेली सतरा वर्षांची मुलगी अशीच तर बोलते. तिला पुढे ‘स्पेन्सर’मध्ये राजकन्या डायनाच्या भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळालं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पहिल्या सिनेमाने तेव्हा महिला दिग्दर्शकाच्या सिनेमाला मिळालेली सगळ्यात मोठी ओपनिंग घेतली, आणि पुढचे चारही सिनेमे पुरुषांनी केले, ख्रिस वाइट्झ, डेव्हिड स्लेड आणि शेवटचे दोन बिल कॉन्डन. मी असं म्हणत नाही की त्यांनी वाईट केले म्हणून, दुसऱ्यातला तो सीन, बेला खुर्चीत बसलेली आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरतो आणि खिडकीबाहेर महिने बदलतात, त्या कोऱ्या पानांचं याहून चांगलं भाषांतर होऊच शकत नाही. पण मुलीच्या डोळ्यांनी बघणं हळूहळू कमी होत गेलं आणि शर्ट काढलेले लांडगे वाढत गेले. शेवटच्या भागातली मोठी लढाई पुस्तकात नाहीच, थिएटरमध्ये लोक किंचाळले होते त्या सीनला, आणि तेवढ्यासाठी तो भाग बघाच, पुढे काय होतं ते मी सांगत नाही.

प्रश्न: मी लग्नानंतर सिएटलला राहते, दोन वर्षांपूर्वी फोर्क्स बघून आले. गाव आवडलं, पण ला पुशला गेल्यावर तिथले खरे लोक बघून अपराधी वाटलं, आपण त्यांच्याकडे लांडगे म्हणून बघायला आलोय असं. हे वाटणं बरोबर आहे का? (एक वाचक, सिएटल)

उत्तर: बरोबर आहे, आणि तुम्ही हे लिहिलंत म्हणून मला फार आनंद झाला, कारण हा विषय आपल्याकडच्या वाचकांपर्यंत पोचतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फोर्क्स हे वॉशिंग्टन राज्यातलं खरंखुरं गाव आहे, लाकूडतोडीवर उभं राहिलेलं, तीन-चार हजार वस्तीचं. मायरबाईंना खूप पावसाची जागा हवी होती, त्यांनी इंटरनेटवर शोधली आणि हे सापडलं, पुस्तक लिहिताना त्या तिथे गेलेल्या पण नव्हत्या. पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा कमीच, पण ढग हटत नाहीत. पहिल्या सिनेमाचं शूटिंग बहुतेक शेजारच्या ओरेगनमध्ये झालं, तरी चाहते फोर्क्सलाच येतात.

आणि तिथून पंधरा मैलांवर समुद्रकाठी ला पुश, क्विल्यूट या तिथल्या मूळनिवासी लोकांची वस्ती. जेकब याच लोकांमधला दाखवलाय. क्विल्यूट लोकांच्या मूळ कथेत क्वाती नावाचा बदल घडवणारा लांडग्यांना माणसं करतो, तेच त्यांचे पूर्वज. माणसाचा लांडगा होणं, ‘थंड्या लोकांशी’ म्हणजे व्हॅम्पायरशी वैर, हे सगळं लेखिकेने रचलेलं आहे. एखाद्या समाजाची उत्पत्तीकथा उचलायची, ती उलटी करायची, त्यावर पुस्तकं, सिनेमे, टी-शर्ट, दागिने विकायचे, आणि त्या समाजाला यात काहीच विचारायचं नाही, हे मला मालिकेतलं सगळ्यात मोठं चुकलेलं काम वाटतं. सिएटलच्या बर्क म्युझियमने क्विल्यूट लोकांसोबत मिळून खरं काय आणि ट्वायलाइटमधलं काय हे समजावणारी माहिती तयार केली, ती तुमच्या जवळच आहे, जरूर बघा.

त्यांच्या भाषेबद्दल वाचलं तेव्हा मी थक्क झाले, क्विल्यूट भाषेत म आणि न हे उच्चारच नाहीत. जगात अशा भाषा अगदी थोड्या आहेत. आपल्याला ‘मी’ नाही आणि ‘नाही’ पण नाही, असं बोलून बघा एक मिनिट. एवढी वेगळी भाषा, आणि आपल्याला त्यांच्याबद्दल माहीत काय, तर जेकबचे दंड!

शिवाय त्यांचं गाव अगदी समुद्रालगत, त्सुनामीच्या वाटेवर. उंचावरची जमीन मिळावी म्हणून त्यांनी कित्येक वर्ष प्रयत्न केले, शेवटी २०१२ मध्ये कायदा होऊन ऑलिम्पिक नॅशनल पार्कची काही जमीन त्यांना मिळाली आणि आधी मुलांची शाळा वर हलवली गेली. पुन्हा गेलात तर त्या शाळेबद्दल विचारा, तिथल्या लोकांनी बनवलेल्या वस्तू त्यांच्याकडूनच विकत घ्या, आणि परवानगीशिवाय घरांचे, माणसांचे फोटो काढू नका. अपराधी वाटलं म्हणून जायचं थांबवू नका.

प्रश्न: टीम एडवर्ड की टीम जेकब? एका शब्दात सांगा. (नाव नको, ठाणे)

उत्तर: एडवर्ड. जेकब मला तिसऱ्या पुस्तकापर्यंत चालला असता, त्या ठोशाच्या प्रसंगानंतर नाही. आणि चौथ्यात तो बेलाच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीशी कायमचा ‘जोडला’ जातो ते मला अजिबात पटलेलं नाही, कितीही समजावून सांगितलं तरी.

प्रश्न: मिडनाइट सन वाचू का? सहाशेच्या वर पानं आहेत, आणि गोष्ट तर तीच. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: गोष्ट तीच, पण एडवर्डच्या तोंडून. २००८ मध्ये याची पहिली बारा प्रकरणं फुटून बाहेर गेली, मायरबाई इतक्या दुखावल्या की त्यांनी लिहिणंच थांबवलं आणि अर्धवट मसुदा स्वतःच वाचकांसाठी खुला केला, शेवटी पूर्ण पुस्तक आलं ऑगस्ट २०२० मध्ये, सगळे घरात बंद असताना. मी तेव्हाच वाचलं. लांबलंय खूप, मधली शंभर पानं मी भराभर उलटली. पण त्यात एक गोष्ट कळते जी पहिल्या पुस्तकात कळत नाही, की हा मुलगा बाहेरून कितीही ठाम दिसला तरी आतून सतत घाबरलेला असतो, आपल्या हातून हिला काही होईल म्हणून, आणि त्याचं ते लक्ष ठेवणं त्या भीतीतून येतं. त्याने ते बरोबर ठरत नाही, पण नाशिकच्या ताईंना मुलीशी बोलायला याचा उपयोग होईल.

आणि सातारच्या मुली, तू पण वाच. त्या प्रश्नांच्या दिवसापाशी आलीस की सावकाश वाच, तिच्या एकेका उत्तरानंतर त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिथे कळतं. वाचून झालं की मला परत लिही, आणि पत्रात तुझा आवडता रंग पण सांग, का ते पण.